सोमवारचं गिऱ्हाईक

"आधी बाहीला हात लाव. मग समोर ये. मग बोल. आणि ओरडू नकोस, ओठ नीट हलव. पाठीमागून हाक मारलीस तर माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही."

दुकानात कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी काकांनी तिला हे सांगितलं होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. काका म्हणजे दुकानाचे मालक, आणि दुकान कानाच्या यंत्रांचं. एवढ्याशा गावात असलं दुकान कशाला, असं बाहेरच्याला वाटे. पण गावात एकेकाळी कापडगिरणी होती, आणि तीस-तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसांचे कान, गिरणी बंद पडली म्हणून काही परत येत नाहीत. "आपल्या गावात कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून आपली चूल पेटते," असं काका म्हणत.

काकांचे हात थरथरायला लागल्यापासून बारीक काम सगळं तिच्याकडे आलं होतं. टॉर्च लावून कानात बघायचं, दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवायचा, दोन रंगांचा लगदा मळून पिचकारीने कानात भरायचा, पाच मिनिटांनी तो ठसा अलगद ओढून काढायचा आणि त्यावरून कानात बसणारा मोल्ड घडवायचा. कानस फिरवता फिरवता तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. गावात तिला सगळे कानवाली म्हणत. वय छत्तीस, लग्न झालेलं नाही, भाऊ-वहिनीच्या घरात माडीवरची खोली. सकाळी देवाजवळ दहा मिनिटं बसल्याशिवाय चहा घ्यायचा नाही आणि जाणूनबुजून खोटं बोलायचं नाही, हे तिचे दोन नेम. वहिनी म्हणायची, "पहिला राहू दे गं, पण दुसरा सोडलास तर लग्न जमेल तुझं."

सोमवारी दुकान बंद असे. अशाच एका सोमवारी दुपारी ती मागच्या खोलीत मोल्ड घासत बसली होती. मागच्या दारावर टकटक झाली. दारात एक ड्रायव्हर. त्याचे वडील गिरणीतले, तिचं जुनं गिऱ्हाईक.

"ताई, एका माणसाला आणलंय. नाव विचारू नका."

त्याच्या मागून टोपी, काळा चष्मा आणि मास्क लावलेला माणूस आत आला. मास्क उतरला तशी तिच्या हातातली कानस खाली पडली. त्या माणसाचा सिनेमा टीव्हीवर लागला की वहिनीची भाजी हमखास करपायची.

"इथं कसे आलात तुम्ही?" तिने विचारलं.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "छान आहे दुकान."

तिला सगळं कळलं. ती उठली, त्याच्या बाहीला हात लावला, समोर आली आणि तोच प्रश्न सावकाश विचारला.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो खुर्चीत बसत म्हणाला, "शहरात डॉक्टरकडे सकाळी गेलो तर संध्याकाळी बातमी होईल. हा म्हणाला, त्या ताईंच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही."

डावा कान निम्मा राहिला होता, उजवा जवळजवळ गेलाच होता. तीन वर्षं त्याने ते लपवलं होतं. सिनेमातल्या सगळ्यांचेच संवाद तो पाठ करी आणि समोरच्याचे ओठ थांबेपर्यंत वाट बघे. "मी त्या ओठांची वाट बघत उभा असतो," तो म्हणाला, "आणि पेपरात छापून येतं, काय ती शांतता, काय तो ठहराव. दोन बक्षिसं मिळाली मला त्या शांततेवर."

ती खुदकन हसली. मग लगदा कानात भरून म्हणाली, "आता पाच मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही. जबडा हलला तर ठसा बिघडतो." ज्याच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून माणसं उन्हात तासन्‌तास उभी राहत, तो माणूस तिच्यासमोर पाच मिनिटं गप्प बसून राहिला. ठशाच्या डबीवर नाव घालायचं असतं. तिने लिहिलं, 'सोमवार'.

यंत्र अगदी लहानसं होतं, केसांखाली झाकून जाणारं. पण यंत्राने काही सगळं होत नाही. गोंगाटात माणसांचे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि शूटिंगच्या जागी गोंगाटाला तोटा नसतो. म्हणून तो सवड मिळेल त्या सोमवारी सराव करायला येऊ लागला. ती पंखा मोठा करी, रेडिओ लावी, तोंड बाजूला वळवून संवाद वाचून दाखवी आणि त्याने त्यातून, निम्मे कानाने आणि निम्मे बाजूने दिसणाऱ्या ओठांवरून, शब्द वेचायचे. ती कधी नायिका होई, कधी बाप, कधी खलनायक.

"खलनायकाची धमकी तू अशी देतेस, जशी कुणाला औषधाची वेळ सांगतेस," तो म्हणे.

"मग औषधासारखीच घ्या. जेवणानंतर."

तो तिला मास्तरीणबाई म्हणायला लागला. ती त्याला तुम्ही म्हणत राहिली, आणि नावाने तर कधीच हाक मारली नाही. चौथ्या की पाचव्या सोमवारी ती काहीतरी बोलली, आणि तो सरळ म्हणाला, "ऐकू आलं नाही." एवढंच. पण ते म्हटल्यावर तो स्वतःच चमकला. तीन वर्षांत हे तीन शब्द त्याने कुणापुढे उच्चारले नव्हते. त्या दिवसापासून तो ते तिच्यापुढे राजरोस म्हणू लागला, लहान मूल पाणी मागतं तितक्या सहज. लोक म्हणतात प्रेम नजरेत कळतं, फुलांत कळतं. तिला ते त्या तीन शब्दांत कळलं.

एकदा त्याने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या आईला तरुणपणापासूनच कमी ऐकू यायचं. ती भलतंच ऐकायची आणि भलतंच उत्तर द्यायची, आणि सात वर्षांचा तो पाहुण्यांपुढे आईची नक्कल करून दाखवायचा. पाहुणे हसून लोळायचे. मावशी म्हणायची, पोरगा नट होणार. "माझं पहिलं काम ते," तो म्हणाला. "आई समोर बसून सगळ्यांबरोबर हसायची. लोक कशाला हसताहेत ते तिला कळायचंच नाही."

"आता सांगितलंत त्यांना?"

"नाही. तू मला विचारू नकोस ते."

वर्ष होत आलं तेव्हा तो म्हणाला, "हा सिनेमा लागू दे. मग आपण लग्न करू, उघडपणे. लोक विचारतील कसे भेटलात, तर सांगेन, कानवालीच्या दुकानात."

"सांगाल?"

"सांगेन की."

ती त्या रात्री माडीवर बराच वेळ जागी होती. चौदा वर्षं ती दुसऱ्यांचे कान उघडून देत होती. आपल्यासाठी कुणी चार माणसांत तोंड उघडेल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिला हवं होतं ते एवढंच.

सिनेमा लागायच्या आदल्या आठवड्यात त्याने तिला शहरात बोलावून घेतलं. त्याच्या बंगल्यात तळमजल्यावर मागच्या बाजूला आईची खोली होती. म्हाताऱ्या बाई खिडकीशी बसून होत्या. टीव्ही आवाजाशिवाय चालू. नोकर दारातूनच ओरडून विचारायचे, "आई, चहा?" आणि उत्तराची वाट न बघता कप ठेवून जायचे. कानवालीने बाहीला हात लावला, समोर बसली, आणि म्हणाली, "मी तुमचं यंत्र बघायला आलेय." म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात धरला तो अर्धा तास सोडलाच नाही, आणि यंत्र बघायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी सिनेमाच्या आधी मोठा समारंभ होता. गाडीत बसताना सेक्रेटरीने तिला बजावलं, "मॅडम, दोन पावलं मागे राहायचं. कुणी विचारलं तर साहेब सांगतील."

विचारलं. दारातच एका निर्मात्याच्या बायकोने भुवया उंचावून विचारलं, "या कोण?"

तो हसून म्हणाला, "आईचं बघतात या."

तिने ते गिळलं. आजची संध्याकाळ त्याची आहे, उद्या सांगेल, असं स्वतःला समजावलं आणि दोन पावलं मागे उभी राहिली.

पत्रकारांनी त्याला घेरलं. दिवे, ढकलाढकली, पाच जण एकदम बोलणारे. उजवीकडून एका तरुण मुलीने विचारलं, "तुमचे सहकलाकार मागच्याच महिन्यात वारले. आज त्यांची आठवण येतेय का?"

तो हसरा चेहरा करून म्हणाला, "खूप मजा आली. पुन्हा एकत्र काम करायचंय."

पत्रकारांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. त्याला जाणवलं काहीतरी चुकलंय, पण काय ते कळेना. तो नुसता हसत उभा राहिला, आणि ते हसू कानवालीने दुपारीच पाहिलं होतं, म्हाताऱ्या बाईंच्या तोंडावर.

तिने विचार केलाच नाही. चौदा वर्षांत हात कधी विचार करून उठला नव्हता. ती दोन पावलं पुढे आली, डाव्या बाहीला हात लावला, समोर झाली, आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "तुमचे मित्र वारले ना, त्यांच्याबद्दल विचारताहेत."

त्याचा चेहरा बदलला. तो खाली बघून थोडा थांबला, आणि मग मित्राबद्दल असं बोलला की त्या मुलीनेच डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, आधीचं ते दुःख लपवण्यासाठी बोलला असेल. वेळ निभावली. पण एका कॅमेऱ्याने तो हात टिपला होता, आणि तो कॅमेरा धरणाऱ्याच्या घरी आजोबा होते, कानात यंत्र घालणारे. त्यांच्याशी बोलताना त्याची आई रोज हेच करी.

सकाळी सगळीकडे तो फोटो होता. खाली प्रश्न, नटाला ऐकू येत नाही काय? दहा वाजेपर्यंत कुणीतरी तिलाही ओळखलं. अमक्या गावची, कानाच्या यंत्रांच्या दुकानातली. प्रश्नाचं उत्तर तिच्या चेहऱ्यानेच दिलं होतं.

त्याने तिला वरच्या मजल्यावर बोलावलं. सेक्रेटरी खिडकीशी फोनवर होता.

"बाहीला हात लावायची काय गरज होती?" तो म्हणाला.

"तुम्ही अडकला होतात."

"अडकलो असतो तर अडकलो असतो. वेंधळा म्हणाले असते, गर्विष्ठ म्हणाले असते. ते चालतं. बहिरा चालत नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. "दोन सिनेमे हातातून जातील माझ्या."

चूक झाली होती हे तिला कळत होतं, पण पश्चात्ताप नेमका कशाचा करायचा ते कळत नव्हतं.

सेक्रेटरीने फोन ठेवला. "मॅडम, खाली कॅमेरा लावलाय. दोनच वाक्यं बोलायची. मी साहेबांची चाहती आहे, आईंच्या यंत्राच्या निमित्ताने ओळख काढून घरात आले. साहेब आमच्या दुकानात कधीही आले नाहीत. बस."

तिने नटाकडे पाहिलं. "असं सांगू?"

"वर्षभर सगळं शांत होऊ दे," तो म्हणाला. "मग बघू आपण."

"मग काय बघू? वर्षाने मी कोण असेन? आईचं बघणारी, की घरात घुसलेली?"

तो खिडकीबाहेर बघत होता. ऐकू आलं नव्हतं की आलं होतं, ते तिला समजेना. आणि ते समजू नये अशीच त्याने मान वळवली होती. त्याच्यासमोर जाऊन पुन्हा बोलणं तिला अवघड नव्हतं. ती गेली नाही.

"मी कुणाला काही सांगणार नाही," ती सेक्रेटरीला म्हणाली. "पण जे झालं नाही ते झालं म्हणून सांगणार नाही."

"मग साहेबांना स्वतः सांगावं लागेल. ते तुम्हाला जड जाईल."

"त्यांना सांगू दे."

गाडी दाराशी आणलेली होती, तिला स्टँडवर सोडायला. जाताना ती आईच्या खोलीत डोकावली. म्हाताऱ्या बाईंच्या टीव्हीवर तोच फोटो होता, मुका.

"अगं, हा तुझाच फोटो की," त्या आनंदाने म्हणाल्या. "माझा मुलगा सांगत होता परवा तुझ्याबद्दल."

"काय सांगत होते?"

"ऐकू कुठं आलं मला? यंत्र शिट्टी मारत होतं. पण तोंड गोड होतं त्याचं, एवढं दिसलं."

दारात सेक्रेटरी घड्याळाकडे बघत उभा होता. ती खाली बसली, पिशवीतून टॉर्च काढला, कान तपासला. मोल्ड सैल झाला होता. वयाने कान बदलतो, म्हणून शिट्टी वाजते. तिने बोळा सरकवला, लगदा मळला. सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, साहेबांनी लगेच सांगितलंय." ती म्हणाली, "पाच मिनिटं लागतात." आणि ती पाच मिनिटं ती त्या बंगल्यात बसली, कुणाचं बोट धरून आली नसल्यासारखी, आपल्या कामाला आल्यासारखी.

ठसा डबीत ठेवताना म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पुन्हा येशील? सगळे येतो म्हणतात. मागचा माणूस दोन वर्षांपूर्वी येतो म्हणून गेला."

"गुरुवारी येते. नवीन मोल्ड घेऊन."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो टीव्हीवर आला. दादा, वहिनी आणि ती, तिघं जेवायला बसली होती. वहिनीने आवाज कमी करायला हात पुढे केला. ती म्हणाली, "असू दे."

"त्या बाईंवर कुणी रागावू नका," तो सांगत होता. "एकटेपणात माणूस काहीबाही कल्पना करतो. त्यांना उपचारांची गरज आहे. मी त्यांना माफ केलंय." पत्रकार चहूबाजूंनी प्रश्न विचारत होते आणि तो एकेकाकडे वळून उत्तरं देत होता. केस मागे विंचरलेले, दोन्ही कान उघडे, यंत्र काढून ठेवलेलं. नुसत्या ओठांवर चालला होता. एकही प्रश्न चुकला नाही. पंखा, रेडिओ, वळवलेलं तोंड, वर्षभराचे सोमवार, सगळं कामाला आलं होतं. शिकवणीत कुठं कसर राहिली नव्हती.

"मेला, जीभ झडो याची," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्याच्या कानाचा ठसा आहे ना दुकानात? आण तो. सगळ्यांपुढे टाक."

"त्यावर नाव नाही, वहिनी."

"कान तर त्याचाच आहे."

"कान त्यांचा आहे. पण दुकान आपलं आहे."

वहिनीने ताट पुढे सरकवलं. "तुझ्या या दुकानापायी तू वेडी ठरलीस गं जगात."

तिचा घास तोंडात फिरत राहिला.

गावाने मग आपलं काम केलं. स्टँडवरची टगी पोरं ती दिसली की एकमेकांच्या बाहीला हात लावून ओठ हलवत. किराणावाली मोठ्या मायेने म्हणाली, "डोकं दुखतं का गं अधूनमधून?" आरशात न बघता कुणी स्वप्नं बघू नयेत असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं, छत्तीस वर्षं काय थोडी असतात, डोकं फिरायचंच. दुकानात पत्रकार येऊन गेले. ती दरवेळी एकच सांगे, "गिऱ्हाईकांबद्दल आम्ही बोलत नाही." न बोलण्याचा अर्थ लोकांनी हवा तसा लावला. गिरणीतले म्हातारे तेवढे पूर्वीसारखे येत, कान पुढे करत, आणि यातलं काही आपल्याला ऐकूच आलं नाही असं दाखवत.

काकांनी एकदाच विचारलं. "आपल्याकडून नाव बाहेर गेलं?"

"नाव नाही गेलं. हात गेला."

काका बराच वेळ आपल्या थरथरत्या बोटांकडे बघत बसले. "तो मीच शिकवला होता," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

बुधवारी दुपारी सेक्रेटरीचा फोन आला. "आईंचा मोल्ड कुरियरने पाठवा."

"तो कानात बसवून मग घासावा लागतो. कुरियरवाला घासणार आहे का?"

"मॅडम, समजून घ्या. तुम्ही गेटवर दिसलात तर साहेब म्हणाले तेच खरं ठरेल. वेडी पुन्हा आली म्हणतील."

"म्हणतील," ती म्हणाली. "मी साहेबांकडे येत नाहीये. आईंना सांगा, अकरापर्यंत पोचते. दारातून ओरडून नाही. समोर बसून सांगा."

गुरुवारी ती नेहमीच्या वेळेला उठली, देवाजवळ बसली. त्या दिवशी दहा मिनिटांत तिला काही मागता आलं नाही. त्याच्यासाठी वाईट मागायचं नाही एवढं ठरवून बसली होती, आणि चांगलं मागायला जीभ वळत नव्हती. नुसतीच हात जोडून बसली. मग चहा घेतला. मोल्ड काल रात्रीच चकचकीत करून ठेवला होता. तो, कानस, ब्रश, टॉर्च, दोन बॅटऱ्या, सगळं पिशवीत भरलं.

वहिनी जिन्याशी आली. "त्यांनी आत सोडलं नाही तर?"

"तर गेटवर थांबेन. कधीतरी दार उघडतंच."

"आणि तो समोर आला तर?"

ती चप्पल घालायला वाकली होती. तिने आधी पट्टा लावला.

"रस्ता सोडून बाजूला होईन," ती म्हणाली.

वहिनीने डबा तिच्या हातात दिला. "लोणचं नाही घातलं. पिशवीत सांडतं."

मागच्या गल्लीतून गेलं असतं तर कुणाच्या नजरेला न पडता जाता आलं असतं. गल्ली रिकामीच असते त्या वेळी. पण स्टँड मोठ्या रस्त्याने जवळ पडतो, आणि बस सुटायला वीस मिनिटंच राहिली होती. तिने पिशवी खांद्याला लावली, डबा छातीशी धरला आणि दुकानं उघडत होती त्या मोठ्या रस्त्यानेच चालू लागली.